आधार आणि त्याचा दाखला

२६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे विधान कोल्हापुरातील विद्यार्थी आपल्या निबंधांत निःशंकपणे करतात. परंतु तो हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला होता, एवढा दाखला देणारे विरळाच. ज्या नगरीत शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे साक्षेपाने संपादिली, तेथे ही अनास्था शोभत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्य रोखण्यासाठीच्या २०१८ च्या नियमांनी इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य निर्दंड ठेवले खरे. पण ते तपासणारी संगणकप्रणाली मुख्यत्वे शब्दांचे साम्य मोजते, आणि शब्द पालटून उचललेल्या विचाराचे ऋण त्यातून सहज निसटते. म्हणून मूळ कागद कोणता, तो स्वतः पाहिला की दुसऱ्याच्या ग्रंथावरून घेतला, आणि त्यावरून लेखकाचा स्वतःचा निष्कर्ष काय, हे प्रश्न अध्यापकांनी टक्केवारीच्या अहवालाआधी विचारावेत. कारण अवतरणांची नुसती रास रचून प्रतिपादन सिद्ध होत नाही, आणि ज्याचा ठावठिकाणा दिलेला नाही, असा पुरावा वाचकास पडताळून पाहता येत नाही.