पेढीवरून : बाटलीची पाठ

आपल्या घरांतील स्त्रिया बिस्किटाचा पुडा ज्या बारकाईने वाचतात, त्या बारकाईने आम्ही व्यापारी मंडळी करारपत्रही वाचत नसू. अंडे आहे का, जिलेटिन आहे का, कांदा-लसणाची पूड आहे का, अमुक क्रमांकाचा घटक कशापासून काढतात, हे सारे पाहून झाल्यावाचून पुडा पिशवीत पडत नाही. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून मी हे कौतुकाने पाहत आलो आहे. त्याच पिशवीत बाळाच्या शांपूची बाटली मात्र पुढच्या चित्राकडे एक नजर टाकून जाते. पुढे गोजिरे बाळ असते, 'सौम्य' हा शब्द असतो. मागे काय लिहिले आहे ते कोणी पाहत नाही. गेल्या पावसाळ्यापर्यंत मीही पाहत नव्हतो.

त्या वेळी नात पाच महिन्यांची होती. लंगोटाच्या जागी तिला लाल पुरळ उठले आणि ते काही केल्या हटेना. खोबरेल तेल झाले, डॉक्टरांनी दिलेले मलम झाले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. अखेर सूनबाईने तिला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. बाळाच्या अंगाला जे जे लागते ते सारे घेऊन या, असे त्यांनी सांगितले होते. पिशवी मीच घेऊन गेलो. शांपू, साबण, लोशन, पावडर, वेट वाइप्स, सगळा आमच्याच दुकानातला माल. बाईंनी एकेक वस्तू उलटी केली, वाइप्सच्या पाकिटावर थांबल्या आणि एका नावाखाली पेनाने रेघ मारली : मेथिलआयसोथायझोलिनोन. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक हिरव्या अक्षरांत 'पॅराबेन-मुक्त' असे छापलेले होते.

हे नाव तेथे कसे आले, याची हकिकत व्यापाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. ज्या वस्तूत पाणी आहे, तिच्यात काही दिवसांत जंतू वाढतात आणि बुरशी धरते. म्हणून शांपू, लोशन, वाइप्स यांत परिरक्षक घालावाच लागतो. तो नसेल तर बाळाला धोका वाढतो, घटत नाही. पॅराबेन हे अनेक दशके वापरात असलेले परिरक्षक. २००४ साली इंग्लंडमधील संशोधकांना स्तनाच्या गाठींच्या काही नमुन्यांत त्यांचा अंश सापडला. पॅराबेनमुळे गाठ झाली असे त्यांनी सिद्ध केले नव्हते, निरोगी पेशींशी तुलनाही केली नव्हती. पण बातमीला इतका धीर कोठून असणार? युरोपीय संघाने मात्र सावकाश तपासणी केली. २०१४ साली पाच पॅराबेनांवर बंदी आली. प्रोपिल आणि ब्युटिल यांचे प्रमाण उतरवण्यात आले आणि तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवण्याच्या वस्तूंत ती दोन्ही वर्ज्य ठरली. मेथिल आणि इथिल पॅराबेनना मर्यादेत परवानगी कायम राहिली.

बाजाराने इतका विवेक केला नाही. ग्राहक घाबरला आहे ना, मग सगळीच पॅराबेन काढा आणि 'मुक्त' लिहा. रिकाम्या जागी अनेकांनी जे आणून बसवले, त्यांत हे मेथिलआयसोथायझोलिनोन होते. थोड्याच वर्षांत युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच्या ॲलर्जीच्या रुग्णांची रीघ लागली. २०१३ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवले आणि २०१७ पासून युरोपात, न धुता अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरण्यास बंदी आली. धुऊन टाकायच्या शांपूत दशलक्षात १५ भागांपर्यंत चालते. वाइप्सचा ओलावा मात्र कातडीवरच राहतो, आणि बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा पुसले जाते. नको त्या भीतीपोटी आपण पदरमोड करून अधिक त्रासदायक वस्तू विकत घेतली, असा हा व्यवहार झाला. आणि विकली मी.

त्यानंतर मी जे हाती लागेल ते वाचू लागलो. एक प्रकरण वाचून रात्रभर झोप आली नाही. १९७२ साली फ्रान्समध्ये अनेक तान्ही बाळे एकाएकी आजारी पडू लागली. लंगोटाच्या जागी कातडी सोलवटायची, मग झटके, मग ग्लानी. डॉक्टर मेंदूज्वर शोधत होते. सर्वांच्या घरी मोरांज नावाची एकच टाल्कम पावडर आहे हे ध्यानात यायला वेळ लागला. कारखान्यात चुकून त्या पावडरीत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक मिसळले गेले होते, तेही सुमारे सहा टक्के. दमट, झाकलेल्या, पुरळलेल्या कातडीतून ते रक्तात उतरले आणि मेंदूपर्यंत पोचले. २०४ जणांना बाधा झाली; ३६ बालके गेली. डब्यावर त्या औषधाचे नावही नव्हते. त्यानंतर फ्रान्सने १९७५ साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९७६ साली युरोपच्या सामाईक नियमांचा पाया घातला गेला. तो डबा विकणाऱ्या दुकानदारांनी पुढे काय केले असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बाळाची कातडी म्हणजे मोठ्या माणसाच्या कातडीची छोटी आवृत्ती नव्हे. ती पातळ असते, आणि वजनाच्या मानाने बाळाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक. लंगोटाखाली तर लावलेली वस्तू झाकून ठेवल्यासारखीच होते. म्हणून बाळासाठीच्या वस्तूत काय आहे यापेक्षा ती अंगावर किती वेळ राहते, हा प्रश्न मला आता मोठा वाटतो.

मागची यादी वाचायची रीत सोपी आहे. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात. त्याखालचे कसेही लिहिले तरी चालते, आणि परिरक्षक बहुधा त्या शेपटीत सापडतात. क्वाटर्नियम-१५, डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया ही नावे दिसली तर समजावे की हे पदार्थ हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतात आणि त्यावर जगतात. अमेरिकेतील एका ग्राहक-मोहिमेने २००९ साली बाळांच्या अनेक वस्तूंत त्याचा अंश दाखवून दिल्यावर जॉन्सन अँड जॉन्सनने २०१२ साली असे परिरक्षक काढण्याचे जाहीर केले, आणि २०१४ च्या सुमारास नवा शांपू बाजारात आला. कंपन्या बदलतात, पण कोणी तरी मागची बाजू वाचल्यावर बदलतात.

यादीत न दिसणारेही काही असते. फेसासाठी वापरतात ते सोडियम लॉरेथ सल्फेट बनवताना १,४-डायऑक्सेन नावाचा अंश तयार होतो. त्याच्यामुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता तज्ज्ञ नाकारत नाहीत. निर्वात प्रक्रियेने तो बराचसा काढता येतो, पण तो घातलेला घटक नसल्यामुळे यादीत येत नाही. न्यूयॉर्क राज्याने प्रसाधनांत त्याची कमाल मर्यादा दशलक्षात १० भाग अशी ठरवली आहे. आणि आपल्या दुकानांच्या दारावर शांपूच्या पुड्यांच्या ज्या माळा लोंबतात, त्यांचे काय? आपल्या नियमांत ६० मिलिलिटरहून लहान द्रव वेष्टनावर घटकांची यादी छापणे आवश्यकच नाही. गरीब गिऱ्हाईक तीच पुडी नेते.

सरकार तपासते हे खरे, पण सवडीने. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये पुणे व नाशिक येथून बेबी पावडरचे नमुने घेतले. आम्लतेचे प्रमाण मानकाबाहेर आढळल्यावरून मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवला, तरी तेवढ्या काळात तो माल केव्हाच विकून, वापरून संपला असेल.

घरचे ते सारे निर्धोक, असेही मी म्हणणार नाही. बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसे सापडलेले आहे, आणि आपण ते बाळाच्या डोळ्यांत घालतो. पावडर, मग ती कोणत्याही कंपनीची असो, फुप्फुसात जाते म्हणून बालरोगतज्ज्ञ ती नकोच म्हणतात.

वाइप्स बंद केले. कापूस आणि कोमट पाणी एवढ्यावर नातीचे पुरळ तीन आठवड्यांत गेले. प्रश्न उरला तो दुकानातल्या तीन खोक्यांचा. वितरकाने माल परत घ्यायला नकार दिला. माल नियमात बसतो, असे त्याचे म्हणणे. मुलगाही म्हणाला, "अण्णा, शंभरातल्या नव्वदाहून अधिक बाळांना काही होत नाही. कायद्याने चालते, मग आपण का थांबायचे?" त्याला माझ्यापाशी चोख उत्तर नव्हते, अजूनही नाही. उधारीच्या वहीतून ते पाकीट नेणारी घरे शोधून मी फोन केले. दोन घरांत पुरळाची तक्रार होती आणि दोन्ही घरी दोष डायपरवर ढकलला गेला होता.

खोकी गोदामात आहेत, वर्षाच्या हिशेबात तोट्याकडे मांडली आहेत. गल्ल्याजवळ सुतळीला बांधून एक भिंग ठेवले आहे, कारण मागची अक्षरे डोळ्यांना दिसतच नाहीत. गिऱ्हाईक ते उचलते खरे, पण अजून तरी बहुतेक वेळा बिस्किटाच्या पुड्यासाठीच.