भाव देण्याआधी ठराव लिहा

‘साखर कारखान्यांना शेवटी आयकरात सूट मिळालीच ना? नोटीस आली तर आपणही लढू.’ शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी हा युक्तिवाद डोक्यातून काढून टाकावा. कारंजा तालुक्यातल्या धनज बुद्रुकसारख्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात तो फार महागात पडेल.

साखरेचं काय झालं ते नीट पाहू. सहकारी कारखान्यांनी किमान दराहून जास्त भाव दिला. आयकर खातं म्हणालं, हा खर्च नव्हे, नफ्याची वाटणी. वाद वर्षानुवर्षं चालला. मार्च २०१९ मध्ये तासगाव कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जादा दरातला नफ्याचा अंश ही वाटणी, बाकीचा खर्च. किती ते कागदपत्रं पाहून ठरवा. सुटका केली ती २०२३ च्या अर्थसंकल्पाने, सुमारे १०,००० कोटींची. कारखान्यांसाठी कायदाच बदलला गेला. तुरीच्या ग्रेडिंग युनिटमागे तेवढं राजकीय बळ कुठून येणार?

‘लहान कंपनीला कर कुठे लागतो?’ हाही भ्रमच. १०० कोटींपर्यंत उलाढालीच्या उत्पादक कंपन्यांना नफ्यावर १०० टक्के वजावट २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, ती ५ वर्षांपुरती. मुदतीच्या सवलतीवर कायमचा कारभार उभा राहत नाही.

कंपनी कायदा सभासदाला जादा पैसे दोन वाटांनी देऊ देतो. मालाच्या किमतीतला राखून ठेवलेला भाग नंतर द्यायचा, किंवा वर्षअखेरच्या शिलकीतून व्यवहाराच्या प्रमाणात बोनस द्यायचा. शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम सारखीच पडते, पण पहिली किंमत ठरते आणि दुसरी नफ्यातली वाटणी. तासगावचा पेच इथे जसाच्या तसा उभा राहू शकतो. म्हणून तूर काट्यावर येण्याआधीच संचालक मंडळाने ठराव करावा: बाजार समितीचा त्या दिवसाचा भाव, प्रतवारीप्रमाणे जादा किती, राखायचे किती, देणार कधी. काटापट्टीवरही तोच दर हवा. मार्च उलटल्यावर मागची तारीख टाकून लिहिलेला ठराव म्हणजे स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा.

आता नोटीस पोर्टलवर येते, म्हणून तिथला ईमेल रोज उघडणाऱ्या माणसाचाच ठेवा. आयुक्तांकडे अपिलाला ३० दिवस असतात. वसुली थांबवायची तर सर्वसाधारणपणे मागणीच्या २० टक्के रक्कम भरावी लागते, आणि तेवढ्यात पुढच्या हंगामाच्या खरेदीचं भांडवल अडकतं.

सभासदांनो, येत्या वार्षिक सभेत भाव किती दिला एवढ्यावर थांबू नका. तो कोणत्या तारखेच्या ठरावाने दिला, ते इतिवृत्त मागून स्वतः वाचा.