भिंतीवरच्या रेघा

परवा बी.ए.च्या तासाला वेतन संहिता शिकवत होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. जादा कामाला किमान दुप्पट दर, हे फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, हे माझ्या आज्जीला पाठ आहे. ती शाळेत गेलेली नाही.’

रविवारी त्यांच्या घरी गेलो. आज्जी तरुणपणी निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होत्या. वहीतली हजेरी आणि हातावर पडणारा पगार यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी घरच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. दिवसाला उभी रेघ, जादा तासाला आडवी. शेजारणीनं पाहिलं, तिनंही ओढल्या. तिनं पुढचीला दाखवलं. आठवड्यापूर्वी शिकलेली बाई आज शिकवत होती!

१९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं या बायकांची संघटना बांधली गेली. ‘युगांतर’ या स्त्रीवादी गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. आज्जी म्हणाल्या, ‘कायदा सरांनी सांगितला, पण किती राबलो ते आमच्याच भिंतीवर होतं की.’ बैठकीत कुणी मराठी बोलायची, कुणी कन्नड. अडलं नाही. हक्काला तिकडे हक्कु, कायद्याला कायिदे, आणि पगार तर दोन्हीकडे पगारच.

नात कॉलेज सांभाळून एका दुकानात काम करते. मी विचारलं, ‘गेल्या महिन्यात जादा तास किती झाले?’ तिला सांगता येईना. दुप्पट दर तिनं वहीत उतरवून घेतला होता. पण दुप्पट कशाची करायची? आणि इतकी वर्षं शिकवूनही, तास मोजून ठेवा, असं मी कधी वर्गात सांगितलं नव्हतं.

घराला रंग दिल्यावर त्या रेघा बुजल्या. आज्जींनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून नातीपुढे ठेवलं. ‘ह्यावर मार. आणि बरोबरच्या पोरीला पण दाखव.’

तुमच्या घरात वखारीत, विडीकामात किंवा मोर्चात गेलेली आज्जी असेल, कन्नड घरात अज्जी असेल, तर आज जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बसा. हिशेब कसा ठेवत होतीस, एवढंच विचारा. पोरांनाही जवळ बसवा.