उजळणी कशाची?



परीक्षा जवळ आली की आमच्या वर्गात इंग्रजीची उजळणी सुरू होते. उजळणी म्हणजे काय, तर दहा शब्द घ्यायचे आणि प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा वहीत उतरवायचा. धड्याखालची उत्तरे घोकायची. पेपर झाला की डोके पुन्हा कोरे! यंदा मात्र बाईंनी निराळीच उजळणी घेतली. शब्दाचे मूळ काय? लिहिणारा आपल्याला कसे पटवतो आहे? आणि त्याने हे लिहिले तरी कशासाठी? हे तीन प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारतात. वर्गातल्या बऱ्याच जणांना ते आवडत नाही. "हे काय पेपरात येणार आहे का?" असे ते म्हणतात. काही पालकांनीही बाईंना असेच विचारले म्हणे. माझे मत वेगळे आहे.

आधी मुळांचे सांगते. पुष्कळ इंग्रजी शब्द ग्रीक आणि लॅटिन या जुन्या भाषांतल्या तुकड्यांचे बनले आहेत. टेलि म्हणजे दूर, फोन म्हणजे आवाज. पोर्ट म्हणजे वाहून नेणे. मग ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, स्टेशनावरचा पोर्टर, सगळे एकाच घरातले निघाले. एस. टी. मधला टी म्हणजे ट्रान्सपोर्टच. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. एक मूळ कळले की चार शब्द फुकट मिळतात. माझी एक फजिती पण झाली. बाईंनी टेलिग्राम शब्द फोडायला सांगितला. मी हात वर करून म्हणाले, "दूरचे गाव!" सगळा वर्ग हसला. ते ग्राम आपले नव्हे, तिथे ग्राम म्हणजे लिहिलेले. (आजोबांना फार वाईट वाटते, की ही तार २०१३ साली बंद झाली.)

आता खरी गोष्ट. आमच्या भागात कपाशी असते. गेल्या पावसाळ्यात काका फवारणीला निघाले होते. गोठ्याच्या फळीवर दोन बाटल्या होत्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्याच. एक अळीची आणि एक धुऱ्यावरच्या गवताची. मराठी माहितीपत्रक केव्हाच हरवले होते. काकांनी एक बाटली उचलून झाकण फिरवले. मी सहज मोठी अक्षरे वाचली. हर्बिसाइड. आदल्याच आठवड्यात वहीत लिहिले होते, हर्ब म्हणजे गवत, झाडपाला, आणि साइड म्हणजे मारणारे. मी म्हणाले, "काका, हे अळीचे नाही, हे झाडालाच मारते." काका म्हणाले, "अवं माय, औषदच हाय ना ते!"

तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळत आहे. आपण सगळे त्याला औषध म्हणतो. औषध मारले, औषध आणले, औषध संपले. इंग्रजी शब्द मात्र स्वतःच सांगतो की मी मारणारा आहे. इन्सेक्टिसाइड किड्याला मारते, फंगिसाइड बुरशीला, हर्बिसाइड गवताला. कपाशीचे झाड त्या बाटलीला थोडेच सांगणार, की मी गवत नाही म्हणून! बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो हे खरे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण तो रंग माणसाला किती घातक ते सांगतो, कपाशीला किती ते नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून आई फवारणीच्या दिवशी बाबा घरी येईपर्यंत जेवत नाही.

आता दुसरे दोन प्रश्न. मी त्या बाटलीची पट्टी नीट पाहिली, तर एकाच पट्टीवर दोन लिहिणारे दिसले. एकाने ठळक अक्षरांत नाव लिहिले, शेजारी हिरवेगार शेत काढले. त्याचा हेतू बाटली खपावी. दुसऱ्याने अगदी बारीक अक्षरांत विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा, असे लिहिले. त्याला ते कायद्यामुळे लिहावे लागते. १९६८ सालचा कीटकनाशकांचा कायदा आहे. ज्याचा हेतू आपला जीव वाचवण्याचा, त्याचीच अक्षरे बारीक, हे मला काही पटले नाही.

बाजाराच्या दिवशी जाहिरातीचा कागद वाटतात तोही आम्ही वर्गात वाचला. "लाखो शेतकऱ्यांचा विश्वास." बाईंनी विचारले, कोणते लाख? कुणी मोजले? "साठा थोडाच, आजच या." हे कारण झाले की घाई? त्या कागदात पटवणे भरपूर होते, पुरावा एकही नव्हता. वादविवादात मी मोठ्याने बोलून जिंकायची. आता बाई मलाही पुरावा मागतात, त्यामुळे माझी जरा पंचाईत झाली आहे.

मुळे कधी फसवतात हेही खरे. बसच्या साइडला बसा, यातला साइड मारणारा नाही. त्याचे स्पेलिंग एस-आय-डी-ई, आणि मारणाऱ्याचे सी-आय-डी-ई. म्हणजे स्पेलिंग पाठ करूच नये असे मी म्हणत नाही. पण नुसते स्पेलिंग येऊन अर्थ येत नसेल, तर ती बाटली फळीवर तशीच राहते.

माझे बाबा पाचवीपासून इंग्रजी शिकले. आपल्या राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून आहे. मी सातवीत आहे, म्हणजे माझे सातवे वर्ष. सात वर्षे शिकून घरातली बाटली वाचता येत नसेल, तर त्या मार्कांचे काय करायचे?

म्हणून माझी विनंती आहे की आठवड्यातले दोन तास या उजळणीला राहू द्यावेत, बाकीचे तास पेपराला द्या. पालकांनी घरी आलेले जाहिरातीचे कागद, बियाण्याच्या पिशवीवरचे छापील चिठ्ठे मुलांजवळ पाठवावेत, आम्ही वर्गात वाचू. औषधाची (बघा, मीही तेच लिहिले!) रिकामी बाटली मात्र कुणी आणू नये.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी