प्लॉट पाडण्याआधी ओहोळ पाहा

मुरबे-सातपाटीच्या किनारी पट्ट्यात बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टॉवर थोडेच येताहेत? सुटे सुटे बंगले, भोवती झाडं. गावाला त्रास तो कसला?"

त्रास जमिनीखाली आहे. खाडीकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. बोअरने ते भरमसाट उपसलं की खालचं खारं वर चढतं, आणि मचूळ झालेली विहीर सहजी पुन्हा गोडी धरत नाही. मोठ्या इमारतीला सांडपाण्याचं एक केंद्र उभारायला लावता येतं. पन्नास बंगल्यांचे पन्नास बोअर आणि पन्नास शोषखड्डे कोण तपासणार? शिवाय जो तो भराव टाकून आपलं जोतं उंच करतो. उधाणाच्या दिवशी पाऊस लागला की खाडी ओहोळाचं पाणी घेत नाही. ते मागे फिरतं आणि शेजारच्या जुन्या, बुटक्या घराच्या ओटीवर चढतं.

दुसरा दावा: "एनए झालंय, आता तपासणी कशाला?" अकृषिक वापर ही महसुलाची बाब. जमीन महसूल संहितेच्या 42-ड कलमाने गावठाणालगत 200 मीटरच्या पट्ट्यात निवासी वापराची वाट सोपी केली, हे खरं. पण रेखांकन मंजूर करणं हे 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालचं वेगळं काम आहे. तिथे रस्ता, निचरा, मोकळी जागा पाहायची असते. तीही कशी चुकवतात पाहा: 2020 च्या एकत्रित नियमावलीत 0.4 हेक्टरपासून पुढच्या, म्हणजे साधारण 40 गुंठ्यांच्या जमिनीला 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. मग पस्तीस-पस्तीस गुंठ्यांचे तुकडे शेजारी शेजारी पाडले की झालं! प्रत्येक कागद वरकरणी नियमात, आणि सगळे मिळून मुलांना खेळायला वीतभर जागा नाही.

एखाद्या मोठ्या बंदरासाठी निदान जनसुनावणी तरी होते. 20 हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाच्या गृहप्रकल्पाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही; गावाला कळतं ते कुंपणाचे खांब उभे राहिल्यावर.

तरी "बाहेरच्याला जमीन विकूच नका" हेही मला पटत नाही. गावठाण दाटलंय, मुलाच्या लग्नाआधी खोली वाढवायला जागा नाही, अशा घराला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? घरं हवीत, अगदी हवीत. मात्र अक्करपट्टी-पोफरण डोळ्यांपुढे असू द्यावं. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी ती गावं उठली. मच्छीमाराला किनाऱ्यापासून तोडून नुसता प्लॉट दिला, तर त्याचं घर होतं, धंदा होत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. लगतच्या सगळ्या तुकड्यांचा नकाशा एकत्र मांडा आणि मंजुरीआधी ग्रामसभेत वाचून दाखवा. ओहोळ आणि कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा त्यावर ठळक दाखवा. नगररचनेच्या साहेबांनी पाहणीला उन्हाळ्यात नको, श्रावणातल्या अमावास्येच्या भरतीला यावं. आणि थंडीत पुन्हा एकदा यावं, बांबूंवर बोंबील लटकलेले असतात तेव्हा. सातबाऱ्यावर त्या वाळवणाच्या जागेला पड म्हटलेलं असलं, तरी तिथे बायका पहाटेपासून हात चालवत असतात. नकाशावर ती जागा त्यांना विचारूनच आखावी.