चार महिने म्हणजे नक्की किती?

मागच्या शनिवारी गावी, शिरड शहापूरला गेलो होतो. चहाचा कप हातात येतो न येतो तोच पुतण्याचा प्रश्न, "काका, चार महिने झाले. आता पळू का?"

पोरगा कबड्डीतला रेडर. खुब्यातलं लॅब्रम फाटलं म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय. डिस्चार्जच्या कागदावर 'खेळ: ४ ते ६ महिने' असं लिहिलेलं, आणि घरादाराने त्यातला फक्त ४ वाचला! कारण पोलीस भरती. मैदानी चाचणीत १६०० मीटर पळायचं असतं, आणि भरती कुणाच्या खुब्यासाठी थांबत नाही.

मला एकदम ऑफिस आठवलं. आपण एस्टिमेट द्यायचं ४ ते ६ आठवडे, मॅनेजर क्लायंटला ४ सांगून मोकळा :-)

लॅब्रम म्हणजे खुब्याच्या खोबणीच्या काठावरची कूर्चेची कडी. साधारण कुकरच्या रिंगसारखी. सांधा घट्ट धरते, आतलं वंगण आत ठेवते. ती शिवल्यावर आधी कुबड्या, मग चालणं, मग ताकद, मग पळणं, आणि खेळ सगळ्यात शेवटी. त्यात रेडर खाली वाकून झटकन दिशा बदलणार, म्हणजे ताण नेमका तिथेच.

बीडचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पडला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तो गुडघा होता. खुब्याचंच उदाहरण हवं तर नदाल बघा. जानेवारी २०२३ मध्ये दुखापत, तेव्हाचा अंदाज ६ ते ८ आठवडे. प्रत्यक्षात जूनमध्ये ऑपरेशन, त्यात लॅब्रमचीही डागडुजी, आणि पुन्हा कोर्टवर थेट जानेवारी २०२४ च्या सुमारास. तिथेही एकेरीच्या तिसऱ्याच सामन्यात स्नायू दुखावला आणि ऑस्ट्रेलियन ओपन सोडावी लागली. दिमतीला डॉक्टर-फिजिओंची फौज असलेल्या माणसाची ही कथा.

म्हणून माझं मत, तारीख विचारूच नये. त्या पायावर एकट्याने नीट बसून उठता येतं का? दोन्ही पायांची ताकद सारखी आहे का? हळू पळाल्यावर दुसऱ्या दिवशी दुखतं का? टेस्ट पास झाल्याशिवाय आपण रिलीज करत नाही, मग सांधा कसा करायचा?

पण ही टेस्ट घेणार कोण? कागदावरचे ४ ते ६ महिने फिजिओ गृहीत धरून लिहिलेले असतात. गावातून नांदेडला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. ऑपरेशनला नातेवाईक पैसे जमवतात, नंतरच्या व्यायामाला कुणी रुपया काढत नाही. मीसुद्धा काढला नव्हता. ऑपरेशनचे दिले आणि पुण्याला येऊन विसरलो.

'भरती पुढच्या वेळी बघू' हे महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याने म्हणणं सोपं आहे, कळतंय मला. म्हणून ते म्हटलं नाही. आठवड्यातून एकदा नांदेडचा फिजिओ, खर्च माझा, आणि तो हो म्हणेपर्यंत पळायचं नाही, एवढंच ठरवलं.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, सहा महिन्यांत तर होईल ना?"

असो. क्लायंट असाच असतो.