टोलमाफी कारला मिळते, मालाला कधी?



आज फवारणीचं नाही, भाड्याचं लिहितोय. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या खिशाचा आहे.

२०१५ पासून राज्य सरकारने टोलमाफीचे तीन मोठे निर्णय घेतले. तिन्ही ओळीने मांडतो, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल.

पहिला, १ जून २०१५. राज्यातले १२ टोलनाके बंद केले, ते सगळ्यांसाठीच. आणखी ५३ नाक्यांवर माफी दिली, ती कार-जीप आणि एसटीला. पिकअप, टेम्पो, ट्रक भरत राहिले.

दुसरा, ऑक्टोबर २०२४. विधानसभा तोंडावर होती. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी, हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. भाजीचा टेम्पो मात्र त्यात बसला नाही. मुंबईला सकाळी भाजी लागते, पण ती आणणाऱ्या गाडीला माफी लागत नाही असं दिसतं.

तिसरा, २०२५. नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण आलं. समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतू या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक कार आणि बसला टोलमाफी. अटल सेतूवर ती ऑगस्टपासून लागूही झाली. यातून मालवाहू गाड्या वगळल्यात, इलेक्ट्रिक असल्या तरी. म्हणजे उद्या मी कर्ज काढून बॅटरीवरचा टेम्पो घेतला, धुराचा एक थेंब सोडला नाही, तरी त्यात टमाटे भरलेत म्हणून टोल भरायचा. शेजारून तीस लाखांची कार फुकट निघून जाणार. हे कुठलं पर्यावरण?

आता वाहन कराचं बघा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात दोन गोष्टी होत्या. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर, आणि साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. पहिल्यावर ओरड झाली आणि महिना संपायच्या आत सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. दुसरा राहिला. दहा लाखांची पिकअप घेणाऱ्या पोराला ७० हजार आधी मोजायचे, मग गाडी रस्त्यावर. ही पिकअप घेणारं पोरगं कोण असतं? बहुतेक वेळा दोन एकरांत भागत नाही म्हणून भाडी मारणारं, आपल्याच गावचं.

कोणी म्हणेल, हे गाडीवाल्याचं दुखणं, शेतकऱ्याचं काय? पट्टी काढून बघा. माझीच सांगतो. ८० कॅरेट टमाटे मुंबईला गेले, भाव दीडशे. झाले १२ हजार. गाडीभाडं कॅरेटमागे ४५, म्हणजे ३,६०० रुपये. हमाली-तोलाई अजून धरलीच नाही. शंभरातले तीस रुपये रस्त्यातच गेले. त्या भाड्यात डिझेल मोठं आहे, टोल त्याहून लहान, हे मान्य. पण टोल ही अशी गोष्ट आहे की सरकारने आज मनावर घेतलं तर उद्या सुटू शकते.

कारखानदाराचा वाहतूक खर्च वाढला तर तो छापील किंमत वाढवतो. शिवाय त्याला राज्याच्या प्रोत्साहन योजनेत जीएसटी परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी असतं. आपल्या कॅरेटवर किंमत छापलेली नसते. भाव लिलावात दुसराच ठरवतो आणि भाडं त्यातून आपलं कापलं जातं.

आता अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर : जड गाडी रस्ता जास्त खराब करते, म्हणून ती जास्त भरते. अठरा टनी ट्रकला हे लागू आहे, मी वाद घालत नाही. ओव्हरलोड धरा, दंड करा. पण दीड टन भाजी नेणाऱ्या पिकअपला हेच कारण कसं पुरतं? आणि इलेक्ट्रिक बस काय कापसाची असते का?

दुसरं उत्तर, पैसे कुठून आणायचे? कारला माफी दिली तेव्हाही ठेकेदाराने पदरचे सोडले नव्हते. भरपाई तिजोरीतून होते. त्या तिजोरीत आपल्या डिझेलवरचा व्हॅटही आहे. म्हणजे आपण आपला टोल भरतो आणि त्यांच्या माफीलाही हातभार लावतो.

करता येत नाही असं नाही. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या गाड्यांना पास मिळतो, गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना मिळतो. मिळायलाच हवा. ७ ऑगस्ट २०२० ला आपल्या देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. सांगोल्याचं डाळिंब त्या गाडीने बंगालपर्यंत गेलं. नंतर सवलत थांबली आणि गाडीही थांबली. ते केंद्राचं होतं. पण नाशवंत मालाचं भाडं सरकार उचलू शकतं एवढं तरी त्यातून दिसलं.

आमच्या सिन्नर तालुक्यातून समृद्धी जातो. त्याला जमिनी गेल्या. त्यावर ट्रॅक्टर चालत नाही, आणि एवढ्या वेगाच्या रस्त्यावर तो नसावा हेही बरोबर. पण आमची भाजी तरी त्यावरून परवडेल अशी जाऊ द्या.

मागणी तीनच. राष्ट्रीय महामार्गाचा टोल केंद्राचा, तो आज बाजूला ठेवतो. राज्याच्या हातातलं मागतोय.

एक, फळं, भाजीपाला, दूध नेणाऱ्या हलक्या मालवाहू गाडीला राज्याच्या टोलवर माफी. पुरावा म्हणून ई-पीक पाहणी नाहीतर बाजार समितीची पावती धरा.
दोन, इलेक्ट्रिक मालवाहू गाडीला कारइतकीच टोलमाफी.
तीन, ७ टक्के कराचा फेरविचार, निदान शेतमालाच्या गाड्यांपुरता.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि प्रत तहसीलदार व आमदारांना द्या. आणि तुमच्या शेवटच्या पट्टीत शंभर रुपयांमागे भाडं किती गेलं ते खाली लिहा. गाव, पीक आणि आकडा, एवढंच. ते आकडे एकत्र करून निवेदनाला जोडू.